उपचारात हयगय झाली असेल, तर भरपाईचा दावा कसा उभा करायचा

माणूस गेला किंवा कायमचा जायबंदी झाला की घरात आधी रडारड होते, मग राग येतो, आणि त्यातच पहिला आठवडा निघून जातो. भरपाईच्या दाव्यासाठी नेमका तोच आठवडा मोलाचा असतो. मी पुण्यातल्या खासगी आणि ट्रस्टच्या रुग्णालयांत स्टाफ नर्स म्हणून नोकरी केली, शेवटची बरीच वर्षं वॉर्ड इन्चार्ज होते. आता निवृत्त आहे. हडपसर, धायरी, भोसरीकडून ओळखीपाळखीतले लोक पिशवीत कागद कोंबून घरी येतात आणि विचारतात, "सिस्टर, यात काही चुकलंय का?" मी वकील नाही. पण इनडोअर पेपर, म्हणजे रुग्ण दाखल असताना वॉर्डात लिहिलेले कागद, वाचता येतात, आणि या लोकांबरोबर वकिलांच्या ऑफिसात नि ग्राहक आयोगात बसून पुढची वाटही माहीत झाली आहे.

मृत्यू झाला असेल तर आधी पोस्टमॉर्टेम

उपचारादरम्यान मृत्यू झाला आणि मनात शंका असेल, तर अंत्यसंस्काराआधी रुग्णालय ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतं तिथे लेखी अर्ज द्या आणि शवविच्छेदन मागा. पुण्यात ते बहुतेक वेळा ससून या सरकारी रुग्णालयात होतं. रुग्णालय स्वतःहून सुचवेलच असं नाही. "नातेवाईकांना शवविच्छेदन नको आहे" अशा कागदावर गडबडीत सही घेतलेली मी पाहिली आहे, आणि पुढे तोच कागद समोरच्या वकिलाने आयोगापुढे ठेवलेलाही पाहिला आहे. घरातले वडीलधारे म्हणतात, आता आणखी चिरफाड कशाला? त्यांचं दुःख खरं आहे. पण मृत्यूचं कारण नक्की झालं नाही, तर पुढे समोरचे "हार्ट अटॅक आला असेल" एवढंच म्हणतात आणि ते खोडून काढायला तुमच्या हातात काही उरत नाही.

बिल थकलंय म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत हे स्पष्ट आहे. अडवलं तर तिथूनच ११२ ला फोन करा.

आणि कितीही संताप झाला तरी काच फोडू नका, कोणावर हात उगारू नका. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याप्रमाणे रुग्णालयातली मारहाण आणि तोडफोड अजामीनपात्र आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, ५०,००० रुपयांपर्यंत दंड आणि झालेल्या नुकसानीची दुप्पट वसुली होऊ शकते. शिवाय ज्या सिस्टरला ढकललं जातं, तीच अनेकदा तुमच्या बाजूची खरी नोंद लिहून गेलेली असते.

फाइल मागा, पूर्ण मागा

डिस्चार्ज कार्ड म्हणजे फाइल नव्हे. ते शेवटी, निवांत बसून लिहिलेलं असतं. खरी गोष्ट इनडोअर पेपरमध्ये असते, कारण ते त्या त्या वेळी, पाळीवरच्या माणसाने घाईघाईत लिहिलेले असतात. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाचे २००२ चे नियम सांगतात की रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत कागद द्यायचे, आणि भरती रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या. तेव्हा तोंडी मागू नका. साध्या कागदावर असा अर्ज करा:

"प्रति, वैद्यकीय अधीक्षक. माझे पती (नाव, आयपीडी म्हणजे दाखल रुग्णाचा क्रमांक) आपल्या रुग्णालयात अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत दाखल होते. त्यांच्या संपूर्ण इनडोअर केस पेपरची साक्षांकित प्रत मला ७२ तासांत मिळावी. त्यात दाखल होतानाची नोंद, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंग नोट्स, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट, इनटेक-आउटपुट चार्ट, औषधांचा चार्ट, भूल व ऑपरेशनच्या नोंदी, सर्व संमतीपत्रे, तपासण्यांचे अहवाल व फिल्म्स आणि तपशीलवार बिल यांचा समावेश असावा. झेरॉक्सचा खर्च भरण्यास मी तयार आहे. तसेच अमुक तारखेचे आयसीयूबाहेरील सीसीटीव्ही चित्रीकरण जतन करावे."

दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर वाद घालत बसू नका. सरळ पोस्टात जाऊन पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा आणि त्यांच्या ईमेलवरही टाका. तरी कागद मिळाले नाहीत तर पुणे महापालिकेच्या आरोग्य विभागात तक्रार करा, कारण शहरातल्या नर्सिंग होमची नोंदणी तिथेच होते. ससून किंवा महापालिकेचं रुग्णालय असेल तर माहिती अधिकारातही मागता येतं. अर्ज करूनही फाइल दिली नाही, ही गोष्टसुद्धा पुढे आयोगापुढे रुग्णालयाच्या विरोधात जाते.

मेडिकल स्टोअरची बिलं फेकू नका. त्यावर वेळ छापलेली असते. कोणतं औषध किती वाजता मागवलं हे डॉक्टरांच्या नोंदीत नसेल तर बिलात सापडतं.

एका रात्रीचा चार्ट

फाइलमध्ये काय शोधायचं ते एका उदाहरणावरून सांगते. कात्रजकडच्या एका घरातला कर्ता माणूस, वय ३८, कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन संध्याकाळी झालं आणि सकाळी तो गेला. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. डिस्चार्ज समरीत होतं: "अचानक हृदयक्रिया बंद पडली."

टीपीआर चार्ट वेगळंच सांगत होता. रात्री १० वाजता नाडी ९६, बीपी ११०/७०. बारा वाजता नाडी ११८, बीपी ९६/६०, शेजारी नर्सिंग नोटमध्ये "पेशंट अस्वस्थ, पोट फुगलेले, आरएमओंना (पाळीवरच्या निवासी डॉक्टरांना) कळवले." दोन वाजता नाडी १३०, बीपी ८४/५०, लघवीच्या पिशवीत दोन तासांत जेमतेम २० मिली. "आरएमओंना पुन्हा कळवले, सलाईन वाढवण्यास फोनवर सांगितले." त्यानंतरची नोंद थेट ६.१० ची: "पेशंट प्रतिसाद देत नाही." डॉक्टरांच्या नोंदीच्या पानावर रात्री १० ते सकाळी ६ मधे एकही ओळ नाही. रक्ताच्या पिशव्यांची मागणी ६.२५ ची.

नाडी चढत जाते, बीपी उतरत जातं, लघवी आटते. ऑपरेशननंतर हे दिसलं की आत रक्तस्राव होतोय का, ही शंका पहिल्या वर्षाच्या नर्सिंगच्या मुलीलाही यावी. ती त्या रात्रीच्या सिस्टरला आलीही होती, दोनदा. वर कोणी उठून बघायला आलं नाही. शवविच्छेदनात पोटात रक्त सापडलं. "अचानक" हा शब्द त्या चार्टपुढे टिकला नाही, आणि निकाल कुटुंबाच्या बाजूने लागला.

तुम्हीही फाइल अशीच वाचा. वेळांची एक सरळ यादी करा: किती वाजता काय झालं, कोणाला कळवलं, कोण आलं, काय केलं. मधली भोकं आपोआप दिसतात. वेगळ्या हस्ताक्षरात घुसवलेली ओळ, खोडून वर लिहिलेली वेळ, रिकाम्या संमतीपत्रावरची सही, या जागांवर पेन्सिलने खूण करा. मूळ प्रतीवर मात्र काहीही लिहू नका.

निकाल वाईट लागला म्हणजे हयगय झाली असं नाही

हे मी प्रत्येक घराला सांगते आणि बऱ्याच जणांना ते आवडत नाही. उत्तम उपचार होऊनही माणसं दगावतात. सुप्रीम कोर्टाने जेकब मॅथ्यू प्रकरणात (२००५) सांगितलेली कसोटी अशी, की त्या जागी साधारण कुशल डॉक्टरने घेतली असती तेवढी काळजी घेतली होती का. दोन मान्य पद्धतींपैकी डॉक्टरने एक निवडली आणि ती फसली, तर ती हयगय होत नाही. माझ्याकडे आलेल्या कितीतरी फायलींमध्ये मला चूक सापडली नाही, आणि तसं मी तोंडावर सांगितलं. खोटी आशा लावून त्या माणसांना तारखांच्या चक्रात ढकलणं मला जमत नाही.

काय हयगय ठरते, त्याचं एक जुनं उदाहरण पुण्याचंच आहे. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला आणलं आणि त्याच संध्याकाळी तो गेला. भूल न देता, जोर लावून हाड बसवलं, असा त्याच्या आईवडिलांचा दावा होता आणि कोर्टांनी तो मानला. वडील स्वतः डॉक्टर होते. जोशी विरुद्ध गोडबोले या नावाने हे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, १९६८ साली निकाल लागला आणि ३,००० रुपयांची भरपाई कायम झाली. डॉक्टरची तीन कर्तव्यं तिथे सांगितली: केस हातात घ्यावी की नाही हे काळजीपूर्वक ठरवणं, कोणता उपचार द्यावा हे काळजीपूर्वक ठरवणं, आणि तो काळजीपूर्वक देणं. आजही तक्रार लिहिताना यातलं कोणतं कर्तव्य मोडलं, ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

काही चुका स्वतःच बोलतात. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ साली नसबंदीच्या वेळी पोटात टॉवेल राहिला आणि ती बाई गेली. १९९६ साली सुप्रीम कोर्टाने सरकारला जबाबदार धरलं. अशा ठिकाणी तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, हे २०१० च्या किशन राव प्रकरणात स्पष्ट झालं. संमतीचंही तसंच. दुर्बिणीने तपासणी करायची म्हणून सही घेतली आणि गर्भाशय काढून टाकलं, तर ते चूक आहे. समीरा कोहली निकालात (२००८) तेच ठरलं. जिवाला तातडीचा धोका असेल तर गोष्ट वेगळी.

दाद कुठे मागायची

पैशांची भरपाई हवी असेल तर बहुतेकांसाठी योग्य जागा म्हणजे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सुप्रीम कोर्टाने १९९५ साली ठरवलं आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही ते कायम आहे. बिल मेडिक्लेमने भरलं असलं तरी तुम्ही ग्राहकच. ट्रस्टच्या रुग्णालयात गरीब रुग्ण म्हणून मोफत उपचार झाले, पण तिथे बाकीचे पैसे भरतात, तरीही तुम्ही ग्राहक. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात अशा सरकारी दवाखान्याविरुद्ध मात्र दिवाणी न्यायालयात जावं लागतं, त्याआधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. त्यासाठी वकील गाठा.

कोणत्या आयोगात जायचं हे तुम्ही किती मागता त्यावर ठरत नाही. तुम्ही सेवेसाठी किती पैसे दिले त्यावर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत राज्य आयोग, पुढे राष्ट्रीय. रुग्णालयाचं बिल साडेतीन लाख असेल तर साठ लाख मागितले तरी दावा पुण्याच्या जिल्हा आयोगातच लागतो, आणि बिल पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. तुम्ही राहता किंवा काम करता तिथेही दावा लावता येतो. म्हणजे ऑपरेशन मुंबईत झालं आणि तुम्ही वारज्यात राहता, तर पुण्यातच दाखल करा. ऑनलाइनही करता येतं, आणि वकील सक्तीचा नाही. तरी वैद्यकीय प्रकरणात मी वकील घ्याच म्हणते. परवडत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, मुलं, अपंग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. नुसता सल्ला हवा असेल तर ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते मदत करतात, आणि १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

मुदत दोन वर्षांची. ती हलक्यात घेऊ नका. गोव्यातल्या एका नर्सच्या पोटात १९९३ च्या ऑपरेशनमध्ये गॉज राहिला, तो २००२ साली निघाला. तिची तक्रार सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये मुदतबाह्य ठरवली, कारण इतकी वर्षं दुखत असताना, आणि तेही स्वतः नर्स असताना, तिने छडा लावायला हवा होता. तो निकाल वाचून मला फार वाईट वाटलं होतं. तेव्हा दुखणं थांबत नसेल तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा आणि तारखेसह लिहून घ्या. उशीर झालाच असेल तर विलंब माफीचा अर्ज जोडता येतो, पण कारण सबळ लागतं.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली तर डॉक्टरची नोंदणी काही काळ स्थगित होऊ शकते, पैसे मिळत नाहीत. पोलिसांत गुन्हा दाखल करायचा तर हयगय फार गंभीर असावी लागते आणि आधी स्वतंत्र वैद्यकीय मत लागतं; पुण्यात ते ससूनच्या समितीकडून घेतात. १ जुलै २०२४ पासून यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं, डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे दोन्ही रस्ते भरपाईच्या दाव्याबरोबर चालवता येतात. पण पोलीस तपासाच्या निकालाची वाट बघत ग्राहक आयोगाची दोन वर्षं घालवू नका. तसं झालेली घरं मला माहीत आहेत.

किती मागायचं

आकडा हवेतून काढू नका. "एक कोटी द्या" म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कसे? त्या ड्रायव्हरच्या घराचा हिशेब वकिलांनी मोटार अपघाताच्या भरपाईच्या पद्धतीने मांडला, तो असा. पगार महिना २४,०००, म्हणजे वर्षाला २,८८,०००. वय चाळिशीच्या आत आणि नोकरी कायम नाही, म्हणून पुढच्या वाढीसाठी ४० टक्के मिळवले: ४,०३,२००. बायको, दोन मुलं आणि आई असे चौघं अवलंबून, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा: ३,०२,४००. वय ३६ ते ४० साठी गुणक १५, म्हणजे ही वर्षाची रक्कम १५ ने गुणायची. झाले ४५,३६,०००. त्यात उपचाराचा खर्च, मानसिक त्रास, पत्नी-मुलांनी गमावलेला सहवास, दाव्याचा खर्च आणि व्याज वेगळं मागायचं.

हे गणित वैद्यकीय प्रकरणात बंधनकारक नाही. कुणाल साहा प्रकरणात (२०१३) सुप्रीम कोर्टाने तेच सांगून जवळपास सहा कोटी आणि त्यावर व्याज दिलं. पण पाया म्हणून ते आयोगाला पटतं. माणूस जिवंत असून अपंग झाला असेल तर पुढच्या आयुष्याचा खर्च हा मुख्य भाग असतो: फिजिओथेरपी, डायपर, सांभाळायला ठेवलेली मावशी, घरात करावे लागलेले बदल. हैदराबादच्या प्रशांत धनंका यांना ऑपरेशननंतर कमरेखाली अधूपण आलं, २००९ साली त्यांना एक कोटी मिळाले, त्यात पुढच्या सेवाशुश्रूषेचा विचार होता. म्हणून मावशीला दरमहा दिलेल्या पैशांची पावती करा, तिचं नाव आणि सही घ्या. बहुतेक घरं हे करत नाहीत आणि तिथेच लाखो रुपये जातात. मूल दगावलं किंवा अपंग झालं तर आईवडिलांच्या मानसिक यातनांची भरपाई वेगळी मिळते. १९९८ च्या एका निकालात मुलाला साडेबारा लाख आणि आईवडिलांना पाच लाख स्वतंत्र दिले होते. आणि घर सांभाळणारी बाई गेली तर "कमावत नव्हती" म्हणून गप्प बसू नका. तिच्या कामाचंही मोल लावून मागा.

तक्रार आणि त्यापुढचं

तक्रार लांबलचक नको. घटनाक्रम वेळेनुसार, नेमकी हयगय कोणती, तिच्यामुळे नेमकं काय नुकसान झालं, आणि मागणी. "डॉक्टर उर्मट होते, वॉर्ड घाण होता" हे खरं असलं तरी मूळ मुद्दा त्याखाली दबतो. सामनेवाले म्हणून रुग्णालय आणि मुख्य डॉक्टर दोघांना घ्या. रात्रपाळीच्या प्रत्येकाचं नाव माहीत नसलं तरी बिघडत नाही. आपल्या माणसांबद्दल उत्तर देणं रुग्णालयाचं काम आहे, हे सविता गर्ग प्रकरणात (२००४) ठरलं आहे. डॉक्टरचा विमा कोणत्या कंपनीचा आहे ते कळलं तर तिलाही सामील करा, वसुली सोपी जाते.

तज्ज्ञाचं मत मिळवणं हे सगळ्यात अवघड काम. गावातला डॉक्टर गावातल्या डॉक्टरविरुद्ध लिहायला तयार होत नाही, हे मी जवळून पाहिलंय. दुसऱ्या शहरातले, निवृत्त प्राध्यापक गाठा. वेळांची यादी आणि पूर्ण फाइल पाठवा, फक्त तुमची बाजू सांगू नका. नाहीच जमलं तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाकडून मत मागवावं, असा अर्ज आयोगापुढे करता येतो.

नोटीस मिळाल्यावर समोरच्यांना लेखी जबाबासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. त्यापुढे तारखा पडत राहतात. काही वर्षं जातील अशी मनाची तयारी ठेवा. मधेच तडजोडीचा प्रस्ताव येईल. आला म्हणून रागावू नका, हिशेबाचा कागद समोर ठेवून विचार करा. फक्त रुग्णालयाच्या केबिनमध्ये, बिल माफ करतो म्हणून पुढे केलेल्या "यापुढे काहीही तक्रार नाही" अशा कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. तडजोड करायची तर आयोगाच्या मध्यस्थीत करा, म्हणजे तिच्यावर आदेश होतो.

निकाल विरोधात गेला तर ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील. बाजूने लागला आणि रुग्णालयाने अपील केलं, तर त्यांना आधी निम्मी रक्कम भरावी लागते. मुदत संपूनही पैसे दिले नाहीत तर वसुलीची दरखास्त लावा. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद होऊ शकते, आणि ही दरखास्त लागली की चेक येतो असा माझा अनुभव आहे. मुलं अल्पवयीन असतील तर त्यांच्या वाट्याची रक्कम सहसा राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायला सांगतात. त्यासाठी मुलांचे जन्मदाखले आणि आधार कार्डं आधीच तयार ठेवा.